झुंबरनं शाकारलेला मंडप

मस्तगडाच्या उतारावरच्या बायका झुंबरबाईचं नाव निघालं की आवाज खाली आणत. "तीच ती, देऊळ बाटवणारी!" असं म्हणणाऱ्या निम्म्याजणींनी तो मंडप कधी मान वर करून पाहिलाही नव्हता. पण बाईला नाव ठेवायला कुठं काय पाहावं लागतं? आधी कुणीतरी ठेवलेलं असलं की पुरे. पुढं निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचं निशाण बदललं, रस्त्यांना नवी नावं लागली, पण झुंबरला लागलेलं नाव तेवढं तसंच राहिलं. खरं म्हणजे तिनं देऊळ बाटवलं नव्हतं, शाकारलं होतं, आणि जुन्या जालन्यात कुणी शाकारलं नसेल असं शाकारलं होतं. तिचं वाटोळं झालं ते त्यापायीच.

तिचा बाप रखमाजी कौलं शाकारायचा. जालन्याकडची घरं तशी माळवदाची. मातीचं सपाट छत, वर दरसाल पांढरी माती टाकून चोपली की झालं. कौलारू म्हणाल तर जुन्या मोठ्या वास्तू तेवढ्या: एखादी सराई, दोन-चार अडत्यांची दुकानं आणि कुंडलिकेच्या काठावरचा रामाचा लाकडी सभामंडप. मंडप कुणी बांधला हे नेमकं कुणालाच सांगता येत नसे, म्हणून जो तो आपापल्या सोयीचा राजा सांगे. त्याची कौलं नळीची होती, म्हणजे मातीची नळी उभी चिरून केलेले तिचे दोन भाग. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. वानरं, मांजरं, वावटळ यांच्यानं अशी कौलं हलतात आणि फुटतात. दरसाल पावसाआधी ती उतरवून, निवडून, पुन्हा बसवावी लागतात, आणि सगळ्यात उंच आढ्यावरची मोठी कौलं चुन्यात पक्की करावी लागतात.

मंडपाच्या कौलांना हात लावायचा हक्क रखमाजीच्या घराण्याचा होता. रामनवमीला आढ्यावर निशाण चढलं की पंच त्याला नारळ द्यायचे आणि डोक्याला पागोटं बांधायचे. हे पागोटं म्हणजे रखमाजीचा जीव की प्राण. ते बांधून तो घरी सरळ यायचा नाही. सगळ्या पेठेतून फिरून, ज्याला त्याला "राम राम" घालत, जेवणवेळ टळून गेल्यावर यायचा.

त्याला मुलगा नव्हता. झुंबर एकुलती एक. तिला भोकरदनकडं धावड्याला दिली होती. नवऱ्याचं नाव धर्मराज. नावातला धर्म त्याच्या वागण्यात काही उतरला नव्हता. चार वर्षांत पाळणा हलला नाही म्हणून त्यानं दुसरी केली आणि झुंबरला बैलगाडीत बसवून माहेरी पाठवून दिलं. काडीमोड घेतली नाही, न्यायलाही आला नाही. तेव्हा कपाळावर कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या एवढा संसार घेऊन ती बापाच्या घरात परत आली. आई तोवर गेलेली होती. झुंबर बापासाठी भाकरी थापू लागली आणि कामावर त्याच्यामागं कौलांची पाटी वाहू लागली.

रखमाजीच्या डोळ्यांत पडदा आला तो हळूहळू. सुरुवातीला तो उन्हाला शिव्या द्यायचा, मग धुराला, मग कौलं भाजणाऱ्याला. एकदा सराईच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, त्यानं आख्खी ओळ तिरकी बसवली. झुंबरनं ते खालून पाहिलं. बाप झाडाखाली भाकरी खाऊन आडवा झाला तसा तिनं काष्टा खोचला, शिडीवरून वर गेली आणि ओळ सरळ करून खाली आली. उठल्यावर रखमाजीनं ओळीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "बराबर हाय." बापलेकीत याबद्दल एवढंच बोलणं झालं.

त्यानंतर हेच चालू झालं. तो पाख्यावर बसून मोठमोठ्यानं हुकूम सोडी, आणि ती त्याच्या आडोशाला बसून काम करी. अडत्यांच्या दुकानांवर बाई चढली तर कुणाचं काही अडत नव्हतं. रामाच्या मंडपाचे पंच म्हणून मिरवणारे काकासाहेब, त्यांच्या स्वतःच्या धान्याच्या अडतीचं पाखं झुंबरनंच शाकारलं होतं. ते त्यांनी गादीवर बसल्या बसल्या पाहिलं होतं आणि पाहून पान लावलं होतं. पण देऊळ म्हणजे वेगळं. देवाच्या डोक्यावर बाईनं चढायचं नाही हा मंडपाचा नेम होता.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीचा तो काळ. एका वर्षी मंडप फारच गळायला लागला. वासे कुजले होते, आढं मधोमध वाकलं होतं. निजामाच्या राज्यात देवळाच्या दुरुस्तीला सरकारी मंजुरी लागायची, आणि ती येता येता दोन पावसाळे गेले. काकासाहेबांच्या मनात सगळ्यावर नवा पत्रा घालायचा होता. चकचकीत पत्रा, स्टेशनवरून दिसेल असा. पण मंजुरी आली ती जुनं होतं तसंच राखण्याची. नवं काही करायचं नाही, उंची वाढवायची नाही. मग कुठं त्यांना रखमाजी आठवला.

त्या दिवशी रखमाजी घरी आला तो हरखून आणि घाबरून.

"सारा मंडप उतरवायचाय झुंबर. वासे, रिपा, कौलं, समदं. माझ्या बापालाबी असं काम मिळालं न्हवतं."

"मंग सांगून टाका की पंचाला, डोळं गेल्यात म्हनून. पुंजाराम करंल."

पुंजाराम हा रखमाजीच्या भावाचा मुलगा. तरणा, धट्टाकट्टा, आणि कौलावर चढला की चार फोडून एक बसवणारा.

"पुंजाराम!" रखमाजी थुंकला. "त्यो मंडपाला हात लावनार? त्याच्यापरीस गळका बरा."

"बा, देवाच्या वर बाई चढली म्हनून कळलं तर?"

"कोनाला कळतंय? माझी जुनी बंडी घाल, मुंडासं बांध. मजूर लावलाय म्हनून सांगतो." मग त्यानं चाचपडत तिचा हात धरला. "ऐक माझं. रामनवमीला निशान चढलं की पंचासमोर सांगतो, हक्क माझ्या मागं झुंबरचा. बाईच्या नावानं हक्क चालतो, चढायला गडी ठेवायचा. मी गेल्यावर ह्या घरात तुला कोन इचारनार हाय? पुंजाराम दारात उभं करायचा न्हाई."

हे मात्र खरं होतं, आणि झुंबरला ते बापापेक्षा जास्त ठाऊक होतं. धावड्याचं दार बंद झालेलं, आणि बाप गेला की हे दारही पुतण्याचं होणार. मंडपाचा हक्क नावावर असला तर जालन्यात तिला उभं राहायला जागा होती. रखमाजीची लेक म्हणून नाही, धर्मराजनं टाकलेली म्हणून नाही, मंडपाची शाकारणारी म्हणून. ती बंडी शिवायला बसली.

माघापासून काम सुरू झालं. पेठेच्या बाजूला उन्हासाठी तट्टे बांधले होते. तट्ट्याच्या वर रखमाजीचं डोकं दिसायचं आणि कधीमधी दुसरं एक मुंडासं. गडी धावड्याकडचा आहे, मुका आहे, असं रखमाजीनं सांगून ठेवलं होतं. सगळी कौलं खाली आली. झुंबरनं एकेक हातात घेऊन, बोटानं वाजवून, चांगली वेगळी काढली. जुनी मुरलेली कौलं तिनं नदीच्या बाजूला लावायची ठरवली, कारण पाऊस तिकडूनच मारतो. नवी पेठेच्या बाजूला. कुजके वासे काढून त्याच मापाचे सागवानी घातले, आणि जे अर्धे धड होते त्यांना जोड दिले. बाप शेजारी बसून विचारायचा आणि ती हलक्या आवाजात सांगायची. त्या दोन महिन्यांत ती दोघं जेवढी बोलली तेवढी आयुष्यात बोलली नव्हती. दोघंही फार सुखात होती, हे सांगायलाच हवं.

अडचण एकच होती, बांगड्यांची. चुना देणारा इस्माईल, त्याची नदीकाठी चुन्याची घाणी होती, तो वर पाटी घेऊन आला तेव्हा त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं. खाली जाताना रखमाजीला एवढंच म्हणाला, "चाचा, मुक्या गड्याच्या बांगड्या वाजतात."

"काढून ठिव त्या," रखमाजी म्हणाला.

"बा, कुंकवाचा धनी जित्ता हाय माझा."

"धनी! तुला टाकून दुसरीला घेऊन बसलाय त्यो."

"असंना. त्याला काय झालं तर मला बोल लागंल."

काचेच्या घट्ट बांगड्या, त्या फोडल्याशिवाय निघायच्या नाहीत, आणि नवरा जिवंत असताना फोडायच्या कशा? ज्यानं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही त्याच्या आयुष्याची काळजी तिलाच. तिनं बांगड्या कोपराकडं सरकवून त्यांवर चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं.

आढं राहिलं सगळ्यात शेवटी. मोठी कौलं चुन्यात बसवायची, आणि प्रत्येकाच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून चुना आतवर दाबायचा, तरच पाणी शिरत नाही. चुना चिंधीत मुरला आणि हात पोळायला लागला. टोकाची दोन-चार कौलं राहिली होती, चुना घट्ट होत चालला होता. तिनं चिंधी सोडून फेकली, बांगड्या मनगटावर घसरल्या तशाच ठेवून काम उरकलं, आणि हात धुवायला नदीवर पळाली. कौलाच्या पोटात काय राहिलं ते तिला दिसण्यासारखं नव्हतं.

रामनवमीला सगळं जालनं मंडपात लोटलं. आढं पुन्हा सरळ उभं राहिलेलं पाहून म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. रखमाजी खांबाला टेकून मान ताठ करून उभा होता. झुंबर बायकांत उभी होती. आज बाप आपलं नाव घेणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

निशाणाचा बांबू आढ्याच्या टोकाला, शेवटच्या कौलाखाली खोचायचा असतो. दरसाल ते रखमाजीचंच काम. पण काकासाहेब म्हणाले, "रखमाजी, तुम्ही दमलात. पुंजाराम तरणा आहे, त्याला चढू द्या." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पुंजाराम चढला, त्यानं टोकाचं कौल उचकटलं, आणि तिथंच थांबला. निशाण लागलं, लोकांनी जयजयकार केला. पुंजाराम खाली आला तो हातात चुन्याचा ढेपसा घेऊन.

त्यानं तो काकासाहेबांपुढं धरला. पांढऱ्या चुन्यात एकाशेजारी एक अशा बारीक गोल रेघा उमटल्या होत्या.

"मुका गडी बांगड्या भरतो का काय, काका?" पुंजारामनं रखमाजीला विचारलं. बायकांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. झुंबरच्या भोवतीची जागा मोकळी झाली.

पंच तिथंच बसले. आधी इस्माईलला बोलावलं, कारण चुना त्याचा. तो देवळाच्या पायरीखाली उभा राहून म्हणाला, "मालिक, काम एकदम बराबर हाय. थेंब गळनार न्हाई. मंग झगडा कशाचा?" त्याला सांगितलं की हा देवळाचा मामला आहे, तू तुझी घाणी बघ.

मग काकासाहेब वळले. "रखमाजी, खरं सांगा. ही वर चढली होती का?"

झुंबरला भीती वाटली नाही. वाटली असती तर ती पळाली असती. तिला वाटलं, आता बा सांगेल. हो म्हणेल, मीच चढवलं म्हणेल. पागोटं जाईल, हक्क जाईल, पण आपण दोघं घरी जाऊ.

रखमाजीनं खांब दोन्ही हातांनी धरला. "मालक, मला दोन वर्सं झाली, दिसत न्हाई."

मंडपात एकदम कुजबुज झाली. झुंबरचा जीव भरून आला. ही गोष्ट तिनं दोन वर्षं पदराखाली झाकून ठेवली होती. त्याला ठेच लागू नये म्हणून ती चार पावलं पुढं चालायची, त्याच्या ताटात भाकरी कुठं आणि मीठ कुठं हे हळूच सांगायची. आज त्यानं आपण होऊन सांगितलं. आता पुढचं सोपं होतं.

"आंधळ्या मानसाला काय म्हाईत, शेजारी कोन बसलंय?" रखमाजी म्हणाला. "मी गडी लावल्ता. गडी म्हनून कोन चढलं ते मला कुठून दिसनार? फसवलं मला, मालक."

लोक हळहळले. बिचारा म्हातारा! पोटच्या पोरीनं आंधळ्या बापाला असं फसवावं! आंधळ्यानं एवढा मंडप शाकारला कसा, हे विचारायचं त्या गर्दीत कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल त्यांनी विचारलं नाही. काकासाहेबांनी तर नाहीच नाही.

निकाल लगेच झाला. हक्क पुंजारामचा. रखमाजीचा दोष नाही, जिवात जीव आहे तोवर पागोटं त्यालाच. मंडपाची शुद्धी करायची आणि बाईचा हात लागलेलं आढं अन् दोन्ही पाखं उतरवून नव्यानं शाकारायची. पण उतरवणार कोण? पुंजाराम म्हणाला, बाटलेल्या कौलांना मी शिवणार नाही. त्याचं पाहून बाकीचेही मागं सरले. मग पुजाऱ्यानं तोड काढली. तो म्हणाला, जिनं बाटवलं तिनंच उतरवावं, बाटायचं ते तर बाटलंच आहे.

आणि असं झालं, की जिला देवावर चढायची बंदी होती तिला पंचांनीच चढवलं. भर उन्हात, सगळ्या पेठेदेखत. मुंडासं नाही, तट्टे नाहीत. लुगड्याचा काष्टा मारून झुंबर शिडीवर गेली तेव्हा खाली माणसं मावत नव्हती. रखमाजीला ओट्यावर बसवलं होतं. आढ्यावरचा चुना तिनं बेतानं फोडला. तिनं एकही कौल फोडलं नाही. फोडून फेकली असती तरी चाललं असतं, कुणी मोजत नव्हतं. ती पाटीत रचून दोरानं खाली सोडी आणि इस्माईल उतरवून घेई. बाकी कुणी पाटीला हात लावला नाही.

आढं झालं, तसं तिनं नदीच्या बाजूचं पाखं घेतलं. दोन-तीन ओळी काढल्या असतील. एक कौल तिच्या हातून निसटलं आणि घरंगळत जाऊन खाली आपटलं.

त्या आवाजासरशी रखमाजी ओट्यावरून ताडकन उठला.

"झुंबर! डाव्या अंगाला पाय देऊ नको! तिथला वासा किडलाय, जोड सुटंल!"

तो वासा वरून कौलांनी झाकलेला होता आणि खालून फळ्यांच्या तक्तपोशीनं. यंदाच तिनं हातानं चाचपून त्याची कीड पाहिली होती, जोड दिला होता आणि शेजारी बसलेल्या बापाच्या कानात सांगितलं होतं. ज्या माणसाला शेजारी कोण बसलंय हे माहीत नव्हतं, त्याला हा वासा माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. काकासाहेबांना कळलं, पुंजारामला कळलं, खालच्या बायकांनाही कळलं.

झुंबर एक पाय उचलून तशीच उभी राहिली. खाली बघत राहिली.

काकासाहेब खाकरले. "ऊन लागलंय म्हाताऱ्याला. सावलीत न्या त्यांना."

पुंजारामनं रखमाजीचा हात धरला. रखमाजीचं तोंड उघडं होतं. अजूनही त्याला बोलता आलं असतं, लोक ऐकायला थांबले होते. त्यानं मान वर केली, झुंबर जिथं नव्हती तिकडं तोंड केलं, आणि म्हणाला, "व्हय मालक. ऊनच लागलं." पुंजाराम त्याला मंडपाच्या आत घेऊन गेला.

मघाशी त्यानं नाकारलं तेव्हा तिला लागलं होतं, पण ते सोसण्यासारखं होतं. हे नव्हतं. तो ओरडला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. वाईट बाप असता तर त्याच्यावर राग धरून उरलेला जन्म काढता आला असता. आता तेही हातात राहिलं नाही. ती पडू नये म्हणून त्याचा जीव तुटत होता, आणि तरीही त्यानं पागोटंच राखलं.

तिनं पाय उजव्या अंगाला टेकला, बसली, आणि पुढचं कौल काढलं.